साइटवर ४०० जण आले म्हणजे नेमकं कोण आलं?

"आमच्या साइटला महिन्याला १०,००० हिट्स आहेत" असं कोणी छाती फुगवून सांगितलं की आधी विचारायचं, हिट कशाला म्हणताय? कारण हिट म्हणजे माणूस नव्हे, हिट म्हणजे सर्व्हरकडे (साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाकडे) केलेली एक मागणी. तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा ब्राउझर आधी पान मागतो, मग त्यातले फोटो एकेक करून मागतो, मग फॉन्ट, डिझाइनच्या फायली, लोगो. एका पानात अशा २५ गोष्टी असतील तर १०,००० हिट्सची झाली ४०० पानं, आणि ती बघणारी माणसं त्याहून कमीच, त्यातही काही माणसं नसून गुगलसारख्यांचे बॉट (आपोआप साइटी चाळणारे प्रोग्राम) आणि काही वेळा साइटचा मालक स्वतःच, आपलीच साइट कशी दिसते ते दिवसातून दहादा उघडून बघणारा. दाराबाहेरच्या चपला मोजून पाहुणे किती आले ते सांगण्यातला प्रकार, त्यात घरच्यांच्या चपलाही धरलेल्या.

आमची एक वहिनी नवी मुंबईत ऐरोलीला डबे करते, गिऱ्हाईक बहुतेक तिथल्या आयटी पार्कातलं. भाच्याने तिला एक छोटी साइट करून दिलीय, रोजचा मेनू, दर आणि फोन नंबर, बस. पण ट्रॅफिकचे आकडे कसे फसवतात आणि नीट वाचले तर काय काय सांगतात हे समजून घ्यायला एवढीशी साइट पुरते.

मोजायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुनी म्हणजे सर्व्हरचा लॉग, त्याची नोंदवही. प्रत्येक मागणीला एक ओळ पडते, त्यात आयपी ॲड्रेस (तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता), वेळ, कुठलं पान मागितलं, ते मिळालं की नाही याचा कोड, आधीच्या कुठल्या पानावरून आलात आणि ब्राउझर कुठला. दुसरी पद्धत गुगल ॲनालिटिक्ससारखी (गुगलने २००५ मध्ये अर्चिन (Urchin) नावाची कंपनी विकत घेतली, त्यातून हे आलं), यात पानात एक छोटा जावास्क्रिप्ट कोड असतो, तो तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे एक छोटीशी नोंद ठेवतो, कुकीत एक रँडम नंबर, आणि पुढच्या वेळी तोच नंबर दिसला की "हा जुना पाहुणा" असं धरलं जातं.

दोन्हीत माणूस कुठेच नाही हे लक्षात आलं का? एकात पत्ता मोजला जातो, दुसऱ्यात ब्राउझर. आता ऐरोलीचं बघा. एका ऑफिसातले पन्नास जण एकाच वायफायवरून मेनू बघतात तेव्हा बाहेर सगळ्यांचा मिळून बऱ्याचदा एकच आयपी दिसतो, लॉगला वाटतं कोणीतरी एकच खादाड माणूस पन्नासदा येऊन गेला. उलट एकच माणूस सकाळी घरच्या वायफायवर, मग ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मोबाइल डेटावर, मग ऑफिसच्या नेटवर्कवर मेनू उघडतो तेव्हा त्याचे तीन पत्ते होतात. कुकीचीही तीच गत, ऑफिसचा लॅपटॉप आणि खिशातला फोन म्हणजे दोन वेगळे पाहुणे, आणि आयफोनच्या सफारीत असा कोडने ठेवलेला कुकी माणूस ७ दिवस फिरकला नाही तर पुसला जातो, म्हणजे दर पंधरा दिवसांनी येणारं पक्कं गिऱ्हाईक दर वेळी नवंकोरं दिसतं.

रिपोर्टमधला, पाहुणा कुठला ते सांगणारा शहराचा रकाना तर निव्वळ करमणूक. कंपनीचा व्हीपीएन (ऑफिसचं इंटरनेट दुसऱ्याच ठिकाणाहून बाहेर काढणारी खासगी वाट) बंगळुरूतून बाहेर पडत असेल तर ऐरोलीत बसलेला माणूस बंगळुरूचा दिसतो, सिंगापूरमधून पडत असेल तर सिंगापूरचा. वहिनीला वाटलं आपली कीर्ती सातासमुद्रापार गेली, भाच्याने समजावलं तेव्हा जरा हिरमुसली.

वेळेचं अजून एक. बरेच सर्व्हर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगमध्ये सगळ्यात जास्त गर्दी पहाटे साडेपाचला, आणि मग प्रश्न, एवढ्या पहाटे डब्याचा मेनू कोण बघतंय? कोणी नाही, ते आपल्याकडचे सकाळचे ११ आहेत, मीटिंग संपवून पोटात कावळे ओरडायला लागायची वेळ. त्यावरून एक कामाची गोष्ट कळली, मेनू साडेअकराला टाकून उपयोग नाही, दहाच्या आत पाहिजे.

बाउन्स रेटची भीती तर उगाच घातलेली आहे. जुन्या हिशोबात एकच पान बघून निघून गेलं की तो बाउन्स. पण डब्याच्या साइटवर माणूस मेनू बघतो, नंबर दाबतो, ऑर्डर देतो आणि जातो, ह्याला अपयश म्हणायचं? आताच्या गुगल ॲनालिटिक्स ४ मध्ये व्याख्या बदललीय, भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं बघितली, किंवा तुम्ही महत्त्वाची म्हणून नेमून दिलेली कृती झाली तर तो बाउन्स नाही. म्हणून भाच्याने फोन नंबरवर बोट लागणं हीच महत्त्वाची कृती म्हणून लावून दिली, आणि मग कुठे आकड्यांचा पोटापाण्याशी संबंध आला.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळंच. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी लिंक टाकली आणि त्यावरून लोक आले तर बहुतेक वेळा "कुठून आले" ही माहिती सोबत येतच नाही, मग रिपोर्टमध्ये ते "डायरेक्ट" खात्यात जमा होतात, जणू सगळ्यांनी पत्ता पाठ करून टाइप केलाय. उपाय सोपा आहे, लिंकच्या शेवटी यूटीएमचं शेपूट (लिंक कुठे टाकली होती ते सांगणारे शब्द) लावायचं, ग्रुपसाठी एक, इन्स्टासाठी दुसरं. यूटीएममधला यू म्हणजे तोच अर्चिन बरं का.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र जी कोणी बघत नाही त्या यादीचा, ४०४ च्या. म्हणजे लोकांनी मागितली पण सापडली नाहीत अशी पानं. साइट नवीन केली तेव्हा मेनूच्या पानाचा पत्ता बदलला होता आणि जुनी लिंक अजून ग्रुपांमध्ये फिरतच होती, माणसं येत होती आणि "पान सापडत नाही" बघून परत जात होती. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवून दिलं, दहा मिनिटांचं काम. मग गुगल सर्च कन्सोल उघडलं, तिथे लोक काय शोधताना आपली साइट दिसली आणि त्यावर दाबलं की नाही ते कळतं, तर बरेच जण कांदा-लसूण नसलेला डबा शोधत होते, साइट यादीत दिसत होती पण कोणी दाबत नव्हतं. वहिनी जैन डबा देतेच की! फक्त साइटवर तो शब्द कुठे नव्हता.

आता जरा गणित, कारण इथे भलेभले आपटतात. समजा मागच्या महिन्यात लॅपटॉपवरून १०० जण आले, २० जणांनी ऑर्डर दिली, मोबाइलवरून १०० आले, ५ जणांनी दिली. एकूण २०० पैकी २५, म्हणजे साडेबारा टक्के. या महिन्यात लॅपटॉपवर १०० पैकी २२, मोबाइलवर ४०० पैकी २४. दोन्हीकडे प्रमाण वाढलंय, २० चे २२ टक्के, ५ चे ६ टक्के. पण एकूण? ५०० पैकी ४६, म्हणजे ९.२ टक्के, घसरण! मोबाइलवाले, जे मुळात कमी ऑर्डर देतात, ते जास्त आले एवढंच झालं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये यावर पेपर लिहिला होता. म्हणून नुसता एकूण आकडा बघून साइट बदलायला घेऊ नये, आधी फोडून बघावा.

आणि छोट्या आकड्यांत चढउतार असतातच. ढोबळ नियम असा की मोजणी आपोआप साधारण तिच्या वर्गमुळाइतकी इकडेतिकडे हलते. २५ ऑर्डर म्हणजे ५ चा हेलकावा नुसत्या योगायोगाने, त्यामुळे बटणाचा रंग हिरवा केला आणि २५ च्या ३० झाल्या म्हणून हिरव्या रंगाला श्रेय देऊ नका, २५०० च्या ३००० झाल्या असत्या तर गोष्ट वेगळी, तिथे हेलकावा ५० चाच असतो.

तुलना करतानाही सोमवार सोमवाराशीच लावायची, शनिवार-रविवारी आयटी पार्क ओस पडतो तेव्हा साइटही ओस पडणारच. "मागच्या वर्षी याच तारखांना" हा तयार पर्याय तर आपल्याकडे हमखास चकवतो. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, अर्धं ऑफिस कोकणात गेलेलं असताना ऑगस्टअखेरचा आलेख गेल्या वर्षीपेक्षा आपटलेला दिसतो आणि माणूस साइटमध्ये दोष शोधत बसतो. तारखा हाताने बदलून घ्या, गणपतीचा आठवडा गणपतीच्या आठवड्यासमोर ठेवा, श्रावण श्रावणासमोर, दिवाळी दिवाळीसमोर.