'त्याचा' धर्म म्हणजे नेमका कोणाचा?

धर्माच्या नावावर मतं मागायची नाहीत, हा नियम आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनचा. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तो होता, पण असं आवाहन 'पद्धतशीर' झालं असेल तरच लागू व्हायचा. १९६१च्या दुरुस्तीत 'पद्धतशीर' गेलं आणि 'त्याच्या' आलं. कोणाला 'त्याच्या' धर्माकडे बघून मत द्या किंवा देऊ नका, असं सांगणं हा गैरप्रकार ठरला. पण 'त्याच्या' म्हणजे उमेदवाराच्या की मतदाराच्या? हा घोळ निस्तरायला मुंबईतले तीन मतदारसंघ खर्ची पडले, तिन्ही पश्चिम रेल्वेच्या वाटेवरचे.

पहिला विलेपार्ले. डिसेंबर १९८७च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्यासाठी बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या तीन भाषणांवर बोट ठेवत पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे हायकोर्टात गेले. १९८९ला निवड रद्द झाली. सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं ११ डिसेंबर १९९५ला. तोवर ती विधानसभा कधीच इतिहासजमा झाली होती! ठाकऱ्यांचा मताधिकार मात्र त्या तारखेपासून सहा वर्षांसाठी गेला. तसा आदेश निघाला १९९९मध्ये, आणि त्या वर्षीच्या लोकसभा-विधानसभेला त्यांच्या बोटाला शाई लागली नाही.

गंमत म्हणजे लोकांच्या लक्षात राहिली ती निकालपत्रातली दुसरीच गोष्ट. न्या. जे. एस. वर्मा यांनी लिहिलं होतं की 'हिंदुत्व' हा शब्द भाषणात आला म्हणून तो आपोआप धर्माच्या नावाने केलेला प्रचार ठरत नाही. तो जीवनपद्धती या अर्थानेही वापरला जातो. हरलेल्या खटल्यातलं हे वाक्य पुढे प्रत्येक व्यासपीठावर जिंकल्यासारखं वाजलं.

त्याच दिवशी दादरचा निकाल लागला. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य आणू, हे मनोहर जोशींचं १९९०चं शिवाजी पार्कवरचं वाक्य. कोर्टाने त्याला नावं ठेवली, पण ती फार तर एक आशा, मतांची मागणी नव्हे, असं म्हणून जोशींची निवड वाचवली. जोशी तेव्हा मुख्यमंत्री होते. म्हणजे मतदारांनी आपलं उत्तर कोर्टाच्या नऊ महिने आधीच देऊन टाकलं होतं.

तिसरा सांताक्रूझ, पार्ल्याच्या अलीकडचं स्टेशन. १९९०च्या निवडणुकीतला अभिराम सिंह यांचा खटला सात न्यायमूर्तींपुढे पोचून २ जानेवारी २०१७ला 'त्याच्या'चा अर्थ ठरला. चार विरुद्ध तीन अशा मतांनी त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचाही धर्म आला, जात आणि भाषाही आली. १९९५च्या हिंदुत्वाच्या व्याख्येला मात्र पीठाने हात लावला नाही.

अल्पमतातल्या तिघांच्या वतीने न्या. धनंजय चंद्रचूड यांनी जो मुद्दा मांडला तो मला अधिक बोचतो. जातीमुळे पिढ्यान् पिढ्या अन्याय सोसलेल्यांनी प्रचारसभेत तो अन्याय बोलून दाखवायचा की नाही?