बायबल अभ्यास आणि लेक्सिओ दिविना: गल्लत कुठे होते?

बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी आठ-दहा जण जमतात. गाणं होतं, प्रार्थना होते, एक उतारा वाचला जातो आणि मग एकेक जण सांगू लागतो, ‘मला या वचनातून असं वाटलं...’ याला आपण बायबल स्टडी म्हणतो. खरं तर त्या तासाभरात अभ्यास फारसा झालेला नसतो. उलट एखाद्या रिट्रीटच्या, म्हणजे साधना-शिबिराच्या, वेळापत्रकात ‘लेक्सिओ दिविना (प्रार्थनापूर्वक वाचन), ११ ते १२’ असं छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात फादर तासभर त्या उताऱ्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजावून सांगतात. व्याख्यान उत्तम असतं, पण ती लेक्सिओ नव्हे.

दोन्हीकडे बायबल उघडं असतं, दोन्हीकडे माणूस वाचत असतो, दोन्ही गोष्टी रोज आणि मरेपर्यंत करायच्या असं ख्रिस्ती परंपरा सांगते. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसवली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

अभ्यासात आपण मजकुराच्या मागे लागतो. हे कुणी लिहिलं, कुणाला, कोणत्या परिस्थितीत? आधीच्या अध्यायात काय आहे? दोन भाषांतरांत फरक का पडलाय? हातात पेन्सिल असते, शेजारी नकाशा, शब्दसूची, भाष्यग्रंथ. लेक्सिओ दिविनामध्ये पाच-सात वचनांचा छोटा उतारा सावकाश, शक्यतो तोंडानं उच्चारत, पुन्हा पुन्हा वाचायचा. जिथं मन अडतं तिथं थांबायचं आणि त्या थांबण्यातूनच देवाशी बोलायला लागायचं. भाष्यग्रंथ त्या वेळी बंद. उतारा संपवायची घाई नाही. एकाच ओळीवर अर्धा तास गेला तरी चालतं. पारायणाची सवय असलेल्याला हे जरा जड जातं, कारण इथं ‘आज इतकं पूर्ण झालं’ असं म्हणता येत नाही.

आता एकच वचन घेऊन दोन्ही करून बघू. यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हांला भविष्य आणि आशा देणारे आहेत, अशा आशयाचं हे वचन. आपल्याकडे ख्रिस्ती कॅलेंडरवर, लग्नाच्या शुभेच्छापत्रावर, नववर्षाच्या उपासनेत वाटल्या जाणाऱ्या वचनाच्या चिठ्ठ्यांवर ते हमखास सापडतं. बारावीच्या निकालाआधी तर फारच.

अभ्यासाला बसलं की पहिली गोष्ट दिसते ती ही, की हे एका पत्रातलं वाक्य आहे. इसवी सनपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरानं यरुशलेममधून राजा यखन्या, राजमाता, सरदार आणि कारागीर यांना पकडून नेलं. त्या निर्वासितांना यिर्मयानं यरुशलेमहून हे पत्र पाठवलं. पत्राची सुरुवात दिलाशानं होत नाही. घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं ते सांगतं. शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना! आणि अकराव्या वचनाच्या बरोब्बर आधी, दहाव्यात, मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे ज्यांनी ते पत्र कानांनी ऐकलं त्यांतले बहुतेक सगळे परत येणार नव्हते. ‘तुम्हांला’ हा शब्द तिथं एका अख्ख्या लोकसमूहाला उद्देशून आहे, बारावीच्या एका विद्यार्थ्याला नाही.

आधीचा अठ्ठाविसावा अध्याय वाचला की चित्र आणखी बदलतं. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, मंदिराची पात्रं परत येतील. लोकांना हवं तेच तो बोलतो. यिर्मया त्याला खोटा ठरवतो. म्हणजे आपण जे वचन लवकर सुटका होईल या अर्थानं भिंतीवर लावतो, ते लवकर सुटकेचं आश्वासन देणाऱ्या संदेष्ट्याला विरोध करणाऱ्या माणसाचं आहे. हे कळायला हिब्रू यावी लागत नाही. दोन अध्याय सलग वाचले की पुरे. तरी वर्षानुवर्षं आपण ते वाचत नाही, याला मी आळस म्हणेन.

याच उताऱ्यावर लेक्सिओ कशी होईल? चार ते अकरा ही वचनं एकदा वाचली, मग दुसऱ्यांदा. कुणाचं मन ‘घरं बांधा’ इथं अडेल. दहा वर्षं परगावी राहूनही ज्यानं ‘इथलं काही खरं नाही, परत जायचंय’ म्हणत शेजाऱ्यांशी ओळखसुद्धा केलेली नाही, अशा माणसाला ते दोन शब्द पुढं जाऊ देणार नाहीत. दुसऱ्याला ‘त्या नगरासाठी प्रार्थना करा’ टोचेल, कारण ज्या ऑफिसात त्याचा अपमान झाला तिथं त्याला उद्या सकाळी पुन्हा जायचंय. तिसरी बाई सत्तर वर्षांपाशी थांबेल आणि रडेल. यातलं कुठलंही ‘उत्तर’ तपासून गुण देता येत नाहीत. एक मात्र नक्की: आधी अभ्यास झालेला असेल तर मन अडण्याच्या जागा वाढतात. नुसतं अकरावं वचन फ्रेममध्ये बघणाऱ्याला ‘घरं बांधा’ भेटतच नाही.

दोन्हींचा उगम एकच आहे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमाच्या ४८व्या प्रकरणात अंगमेहनतीचे आणि पवित्र वाचनाचे तास ठरवून दिले आहेत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रत्येक साधूला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळायचं आणि ते पहिल्या पानापासून क्रमानं पूर्ण वाचायचं असे. (म्हणजे पारायणवाल्यांना अगदीच आधार नाही असं नव्हे.) वाचनाच्या वेळी कुणी गप्पा मारत किंवा आळसात बसलाय का, हे पाहायला एक-दोन ज्येष्ठ साधू मठात फेरी मारत. त्या काळी अभ्यास आणि प्रार्थना असे दोन वेगळे खण नव्हते.

फाटा फुटला बाराव्या शतकात. पॅरिससारख्या ठिकाणच्या कॅथेड्रल शाळांमध्ये, म्हणजे बिशपच्या चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये, वाचनापाठोपाठ प्रश्न आणि प्रश्नापाठोपाठ वादविवाद अशी पद्धत रुळली. पीटर लोम्बार्डनं धर्मशास्त्रातली मतं विषयवार मांडून ठेवली आणि पुढची काही शतकं विद्यार्थी त्यावर झुंजत राहिले. त्याच शतकात आल्प्समधल्या ग्रांद शार्त्रूझ मठाचा प्रमुख दुसरा गीगो यानं एका मित्राला पत्र लिहून देवाकडे नेणाऱ्या शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेत चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडी, असं त्याचं म्हणणं. शाळेतही सुरुवात वाचनानं आणि मठातही वाचनानंच. फरक दुसऱ्या पायरीवर पडला. एकीकडे वाचनातून प्रश्न निघाला, दुसरीकडे मनन.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५३९ मध्ये हीच मांडणी फिरवली. धर्मशास्त्री घडतो तो प्रार्थना, मनन आणि परीक्षा यांतून, असं तो म्हणाला. परीक्षा म्हणजे आयुष्यात अंगावर येणारी संकटं. गीगोच्या शिडीच्या टोकाला शांत ध्यान आहे, ल्यूथरच्या यादीच्या शेवटी झटापट. मला ल्यूथरचं जास्त पटतं, पण तो वेगळा विषय झाला.

कॅथलिक बाजूला १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या प्रकटीकरणावरील दस्तऐवजानं पवित्र शास्त्राचं वाचन सर्व श्रद्धावंतांपुढं ठेवलं आणि वाचनाला प्रार्थनेची जोड हवी असंही सांगितलं. तिथंच संत जेरोमचं प्रसिद्ध वचन उद्धृत केलंय: शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान.

जेरोमचं नाव निघालंच आहे तर इथं जरा थांबायला हवं, कारण एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. लेक्सिओ तेवढी आध्यात्मिक आणि अभ्यास कोरडा, डोक्याचा, थोडासा अहंकाराचाच, असा. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, जाणाऱ्या तरुणाला वडीलधारे बजावतात, ‘फार शिकू नकोस, विश्वास जाईल.’ जेरोम सीरियाच्या वाळवंटात तपाला बसला असताना त्याच्या मनात वासनांचं काहूर माजलं. त्यावर उपाय म्हणून त्यानं काय केलं, तर एका ख्रिस्ती झालेल्या यहुद्याकडून हिब्रू शिकायला घेतली. सिसेरोची घडीव लॅटिन कोळून प्यालेला हा माणूस पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसला. कितीदा हताश झालो, कितीदा सोडून दिलं आणि शिकण्याच्या ओढीनं पुन्हा सुरू केलं, हे त्यानं म्हातारपणी एका पत्रात लिहून ठेवलंय. अभ्यास हेच त्याचं तप होतं. त्याच्यासोबत बेथलेहेममध्ये राहणारी पावला ही रोमची श्रीमंत विधवा. तिनंही हिब्रू शिकली आणि ती स्तोत्रं मूळ भाषेत गायची. तिच्या उच्चारांत लॅटिनची झाक येत नव्हती, असं जेरोम सांगतो.

तेराव्या शतकात संत डॉमिनिकच्या संघानं तर अभ्यासासाठी मठातल्या इतर नियमांतून सूट द्यायची सोय ठेवली. घरी असो वा वाटेवर, दिवस असो वा रात्र, बंधूनं काहीतरी वाचत किंवा मनात घोळवत असावं ही अपेक्षा.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. ‘पंडिता’ ही पदवी त्यांना संस्कृत विद्येसाठी १८७८ मध्ये कलकत्त्यात मिळाली होती. तेवढ्या विद्वत्तेवर आयुष्य सहज निघालं असतं. पण केडगावच्या मुक्ती मिशनचा अवाढव्य व्याप सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीककडे वळल्या आणि मूळ भाषांमधून मराठी बायबलच्या भाषांतराला लागल्या. साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. छपाईचं काम मुक्तीतल्या स्त्रियाच करत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, तोवर हे काम त्यांनी सोडलं नाही. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं.

अभ्यासाला साधना का म्हणायचं, तर त्यात आपण चुकीचे ठरतो. ज्या वचनाचा अर्थ वीस वर्षं छातीठोक सांगितला तो तसा नाही, हे एखाद्या तळटिपेतून कळतं. कधी आपल्यापेक्षा लहान माणसाकडून कळतं, आणि ते गिळावं लागतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लो हा शास्त्रपारंगत वक्ता आहे. तंबू शिवणारं प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतं. तो ऐकतो. लेक्सिओमध्ये अशी दुरुस्ती करणारं शेजारी कुणी नसतं. तिथं देव बोलला की माझंच मन बोललं, हे ओळखणं कठीण, आणि म्हणूनच अभ्यास सोडून नुसती लेक्सिओ करणाऱ्याची मला थोडी काळजी वाटते. अभ्यास करणारा उलट टोकाला घसरतो: त्याला सत्तर वर्षांचा हिशेब तोंडपाठ असतो, आणि शेवटची प्रार्थना कधी केली ते आठवत नाही.

मग दोन्ही कसं जमवायचं? एकाच बैठकीत नको. सकाळी लेक्सिओ करताना ‘हा यखन्या कोण?’ असा प्रश्न पडला तर वहीत एका शब्दात टिपून पुढं जावं. मोबाईल उघडला की प्रार्थना संपली, हा बहुतेकांचा अनुभव. तो प्रश्न संध्याकाळच्या किंवा रविवारच्या अभ्यासासाठी ठेवावा. अभ्यास चालू असताना एखादं वचन काळजाला भिडलं, तर मात्र उलटा नियम मी लावणार नाही. पेन्सिल खाली ठेवावी, तिथंच प्रार्थना करावी. नकाशा कुठं पळत नाही.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर त्या माणसापुढं यिर्मयाची पार्श्वभूमी मांडू नये. त्याच्यासोबत एखादं स्तोत्र सावकाश वाचावं. आणि जो पुढच्या रविवारी व्यासपीठावरून बोलणार आहे त्यानं केवळ ‘मला प्रभूनं दिलं’ एवढ्यावर उभं राहू नये. आठवडाभर अभ्यास करावा.

शुक्रवारच्या गटाला एक साधी गोष्ट करता येईल: आज यातलं काय करणार आहोत ते आरंभीच सांगायचं. अभ्यास असेल तर ‘मला वाटलं’ला जरा आवर घालून, ‘मजकुरात हे कुठं आहे?’ असं एकमेकांना विचारायचं आणि दोन भाषांतरं टेबलावर ठेवायची. लेक्सिओ असेल तर कुणीही कुणाला दुरुस्त करायचं नाही, समजवायचंही नाही. उतारा तीनदा वाचायचा, मध्ये गप्प बसायचं, ज्याला बोलायचंय त्यानं एखादा शब्द बोलावा. पहिल्या दोन-तीन वेळा ती शांतता फार अवघड वाटेल आणि कुणीतरी न राहवून गाणं सुरू करेल. करू द्यावं.

कुठून सुरुवात करायची असा प्रश्न असेल, तर यिर्मयाचे अठ्ठावीस आणि एकोणतीस हे दोन अध्याय घ्या. पहिल्या शुक्रवारी सलग वाचून अभ्यास, दुसऱ्या शुक्रवारी त्यातली सातच वचनं.