पाटाच्या काठाने डोहापर्यंत

मादेरा हे अटलांटिक महासागरातलं पोर्तुगालचं बेट. अख्खं ज्वालामुखीतून उभं राहिलेलं, सर्वोच्च शिखर 1862 मीटर, सपाट जमीन फारच थोडी. तरीही रबासालच्या जंगलात गुडघे कुरकुरणारी माणसंसुद्धा कड्याच्या कुशीतून आरामात चालतात. सुरुवातीच्या उताराच्या आणि मधल्या पायऱ्या सोडल्या, तर वाट पाटाला चिकटून जाते आणि 'पंचवीस झरे' नावाच्या डोहाशी पोचते.

या पाटांना तिथे लेव्हादा म्हणतात. बेटाच्या उत्तरेला पाणी मुबलक, ऊस आणि वस्ती दक्षिणेच्या उन्हात. म्हणून पंधराव्या शतकापासून कातळ फोडून पाट काढले गेले. त्यात गुलामांचेही हात राबले, हे विसरू नये.

चालणं सोपं होतं ते पाण्याच्या गरजेमुळे. पाटाला उतार जास्त दिला तर पाणी काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. पाण्याची खोली तीच असेल, तर उतार चौपट केल्यावर वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून पाट डोंगराची प्रत्येक घळ आणि सोंड वळसा घालून, जवळजवळ एकाच उंचीवरून जातो. पाटात एखादं वाळकं पान पडलं की ते आपल्या दिशेने तरंगत येतं आणि मागे निघून जातं. तेव्हा कळतं, आपण चढतोय. पायांना पत्ताच नसतो.

पाटाची देखभाल करणारा, पाणी पाळीने सोडणारा माणूस म्हणजे लेव्हादेइरो. धुळे-नाशिककडे फड पद्धतीत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाटाचं पाणी वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, हेच काम करणाऱ्याला पाटकरी म्हणतात. दोघांची कधी गाठ पडली नसेल, पण काम तंतोतंत तेच.

आता हे पाणी येतं कुठून? पाऊस आहेच, पण मला खरी नवलाची वाटते ती झाडं. ईशान्येचे व्यापारी वारे समुद्रावरची दमट हवा डोंगरावर चढवतात आणि मधल्या उंचीवर ढगांचा पट्टा अडकून राहतो. धुक्याचे थेंब इतके बारीक असतात की ते धड खाली पडत नाहीत. वारा पानाला वळसा घालून निघून जातो, थेंबाला मात्र तेवढ्या चपळाईने वळता येत नाही. तो पानावर आदळतो. पान जितकं अरुंद तितकी ही पकड चांगली. तिथल्या एरिका झाडाच्या सुईसारख्या पानांच्या टोकाशी थेंब फुगत जातो, लोंबतो, सुटतो. पाऊस नसतानाही झाडाखालची माती ओली! या जंगलाला 1999 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यातली बरीच मोठी झाडं आपल्या तमालपत्र-दालचिनीच्याच कुळातली आहेत.

मातीत मुरलेलं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खाली उतरतं. सह्याद्रीचाही खडक तोच, फक्त मादेराचा वयाने कितीतरी लहान. वाटेत राखेचा घट्ट थर लागला की पाणी अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या अंगातून बाहेर फुटतं.

डोहाशी उभं राहिलं की हे समोरच दिसतं. शेवाळ आणि नेच्यांनी मढलेल्या कातळातून एकीकडे धार, तर बाकी ठिकाणी नुसता पाझर. तेच पाणी पाटात शिरतं, पुढे डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून दक्षिणेला काल्येताकडे उतरतं, वीज तयार करतं आणि शेवटी शेतात जातं.