पार्श्वभूमी: परफॉर्मन्स कारमध्ये २० की ४०? ऑइलच्या ग्रेडचा वाद कुठून आला

गाडी नवी, इंजिन टर्बो, ऑइलच्या झाकणावर छापलंय ०डब्ल्यू-२० (‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा, नंतरचा गरम ऑइलच्या जाडीचा). मालकाला अधूनमधून रेसच्या ट्रॅकवर जायचं असतं. एक जण त्याला सांगतो, कंपनीनं लिहिलंय तेच घाल, वॉरंटी सांभाळ. दुसरा सांगतो, ते पातळ ऑइल मायलेजसाठी आहे, इंजिन टिकवायचं तर सरळ ४० घाल. आज ऐकू येणारे हे दोन्ही सल्ले गेल्या पंचवीस वर्षांत घडले आहेत, म्हणून या टिपणाचा भर त्याच काळावर आहे.

जुना इतिहास थोडक्यात. ऑइलची ग्रेडमध्ये पहिली वर्गवारी १९११ची, अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संघटनेनं केलेली. तापमानाबरोबर ऑइल किती बदलतं हे मोजणारा निर्देशांक १९२९ला आला आणि थंडीसाठीचे ‘डब्ल्यू’ ग्रेड १९३३ला. १९५०च्या दशकात पातळ ऑइलमध्ये पॉलिमर मिसळून मल्टिग्रेड बाजारात आलं आणि उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं ऑइल ठेवण्याची कटकट संपली. या पॉलिमरची एक खोड मात्र सुरुवातीपासून होती. इंजिनातल्या ताणाखाली त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि ऑइल हळूहळू आपला ग्रेड सोडतं. शिवाय उष्णतेनं त्यांचा थर पिस्टनच्या रिंगांभोवती साचतो. १९८०च्या दशकात काही उत्पादकांनी १०डब्ल्यू-४० वापरू नका असं बजावलं, ते याच कारणानं. आजची सिंथेटिक ऑइलं त्या काळच्या १०डब्ल्यू-४०पेक्षा फार वेगळी आहेत, पण ‘दोन आकड्यांत अंतर जास्त म्हणजे ऑइल कच्चं’ हा समज तेव्हाचाच आहे.

खरा गुंता दुसऱ्या आकड्याचा आहे. ४० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (जाडी मोजण्याचं एकक) पट्ट्यात. ३० म्हणजे ९.३ ते १२.५. आणि २० म्हणजे ६.९ ते ९.३. ही मोजणी होते कशी? ऑइल एका बारीक नळीतून स्वतःच्या वजनानं संथपणे वाहू देतात आणि किती वेळ लागला ते पाहतात. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमध्ये यातलं काहीच संथ नसतं. तिथे केसापेक्षा पातळ थरावर शाफ्ट प्रचंड वेगानं घसरत असतो. अशा ताणाखाली पॉलिमरच्या साखळ्या वाहण्याच्या दिशेनं लांबट होऊन पडतात आणि ऑइल नळीत दिसलं त्यापेक्षा पातळ वागतं.

म्हणून दुसरी एक मोजणी आली: १५० अंशांवर, बेअरिंगसारख्या तीव्र ताणाखाली. या व्यवसायातले लोक तिला एचटीएचएस (हाय टेम्परेचर, हाय शिअर) म्हणतात आणि माझ्या मते परफॉर्मन्स गाडीच्या मालकानं डब्यावरच्या ग्रेडच्या आधी हा आकडा पाहावा. २० ग्रेडला किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद (या मोजणीचं एकक) लागतं, ३०ला २.९. युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेनं आपल्या एका जुन्या आणि कडक वर्गासाठी ३.५ची रेघ आखली. आता गंमत बघा. ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० या ऑइलांनाही २००७च्या फेरबदलापर्यंत २.९ पुरत होतं, म्हणजे ३० ग्रेडइतकंच. त्या वर्षी ती किमान पातळी ३.५वर नेली. तोवर डब्यावर ४० वाचून ‘जाड ऑइल’ विकत घेणाऱ्याला बेअरिंगमध्ये ३०चंच संरक्षण मिळत असण्याची शक्यता होती. उलट ३.५ गाठणारं ५डब्ल्यू-३० तेव्हाही मिळत होतं आणि आजही मिळतं. ‘३० पातळ, ४० जाड’ हे वाक्य ट्रॅकवर म्हणूनच अपुरं पडतं.

आता सगळ्यात वादाचा निर्णय. अमेरिकेत सरासरी मायलेजचा कायदा १९७५मध्ये झाला आणि १९७८च्या मॉडेल वर्षापासून लागू झाला. कंपनीनं विकलेल्या गाड्यांची सरासरी नियमात बसली नाही की दंड. २००१च्या मॉडेल वर्षापासून एका अमेरिकी आणि एका जपानी कंपनीनं आपल्या बऱ्याच इंजिनांना ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-२० लावलं. एका गाडीमागे फायदा एक टक्क्याच्याही आतला, पण लाखो गाड्यांच्या सरासरीत तो मोलाचा. नियामकांची अट अशी की चाचणीत जे ऑइल वापराल तेच ग्राहकाला स्पष्टपणे सुचवायचं, म्हणजे कागदावरचा फायदा रस्त्यावरही उतरेल. अट रास्त होती. परिणाम मात्र असा झाला की तापमान आणि वापरानुसार तीन-चार ग्रेड दाखवणारा जुना तक्ता तिथल्या गाड्यांसोबतच्या पुस्तिकांतून हळूहळू गेला आणि एकच ग्रेड उरला. त्याच इंजिनाच्या इतर देशांतल्या पुस्तिकांत तक्ता बऱ्याचदा तसाच राहिला.

पातळ ऑइलवर लाखो इंजिनं रोजच्या वापरात नीट चालली, हे मान्य करायलाच हवं. कंपन्यांनी इंजिनं मारायला काढली होती हा आरोप मला पटत नाही. पण तो तक्ता जायला नको होता. गाडी कशी चालवणार हा प्रश्न ग्रेडपासून तोडला गेला आणि परफॉर्मन्स गाडीच्या बाबतीत तर सगळं त्याच प्रश्नावर अवलंबून असतं. याचा उत्तम पुरावा खुद्द कंपन्यांनीच दिला. २०१२च्या सुमारास एका अमेरिकी कूपेच्या (दोन दारांची स्पोर्टी गाडी) साध्या ५.० लीटर व्ही-८ला, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाला, ५डब्ल्यू-२० सांगितलं होतं. त्याच इंजिनाच्या ट्रॅकसाठी बांधलेल्या, जास्त आरपीएमच्या आवृत्तीला सांगितलं ५डब्ल्यू-५०. कारखाना तोच आणि मूळ रचनाही तीच.

यामागचं गणित साधं आहे. रस्त्यावर ऑइल १०० अंशांच्या आसपास राहतं. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारल्या, ऑइल थंड करणारा कूलर लहान असला, की १३० सहज गाठतं. सर्वसाधारण ४० ग्रेडचं सिंथेटिक ऑइल १३० अंशांवर ८ सेंटिस्टोक्सच्या आसपास उतरतं. म्हणजे १०० अंशांवर २० ग्रेडचं ऑइल जिथे असतं तिथेच. २० ग्रेडचंच ऑइल १३० अंशांवर नेलं तर ५च्या जवळ येतं. म्हणून ४० घालणाऱ्यानं ‘इंजिन २०साठी बनवलंय’ या वाक्याला घाबरू नये. गरम ऑइलच्या हिशेबात तो २०च्याच जाडीला धरून राहिलेला असतो. अर्थात त्याच गाडीत, त्याच ऑइलवर, रोज चार किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याला या जाडीचा काही उपयोग नाही. ऑइलचं तापमान दाखवणारा काटा गाडीत नसेल तर तो आधी बसवावा, ग्रेडचा वाद नंतर.

उलट्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण जाड ऑइलवाल्यांना ती आवडत नाही. एका जर्मन कंपनीच्या ३.२ लीटर, सहा सिलिंडरच्या, ८००० आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या इंजिनाची कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) बेअरिंगं २००१ ते २००३ या काळात निकामी होऊ लागली. कंपनीनं बेअरिंगं बदलून दिली आणि ऑइल ५डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-६० केलं. तेव्हापासून १०डब्ल्यू-६० हे काहींसाठी कवचकुंडल झालं. पण त्याच कंपनीच्या २००७मध्ये आलेल्या ४.० लीटर व्ही-८मध्ये १०डब्ल्यू-६० असूनही हीच बेअरिंगं झिजल्याच्या तक्रारी आल्या. मालकांचं म्हणणं होतं की शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट इतक्या जाड ऑइलला फार कमी आहे. हा वाद मिटलेला नाही. तत्त्व मात्र खरं आहे. फट लहान असेल तर जाड ऑइल तिच्यातून कमी वाहतं. कमी वाहिलं की बेअरिंगची उष्णता बाहेर कमी नेतं. थंड इंजिनात तर ते आणखी उशिरा पोहोचतं. दाबाचा काटा वर गेला म्हणजे ऑइल जास्त पोहोचतंय असं नाही, कधी कधी ते अडतंय म्हणूनही काटा वर जातो. त्या कंपनीच्या नंतरच्या टर्बो इंजिनांत १०डब्ल्यू-६० राहिलं नाही.

पुढच्या दशकात दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढू लागल्या. एकीकडे डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी, टर्बो इंजिनं आली. त्यांत न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, विशेषतः थंड, छोट्या फेऱ्यांत, आणि २० ग्रेडचं ऑइल आणखी पातळ होतं. दुसरीकडे ग्रेडची अधिकृत यादीच खाली, पातळ ऑइलांकडे, वाढत गेली. २०१३ला १६ ग्रेड आला, किमान एचटीएचएस २.३. २०१५ला १२ आणि ८ आले, अनुक्रमे २.० आणि १.७. परफॉर्मन्सवाले त्याच वेळी वर सरकत होते. एका अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या पुस्तिकेत रोजच्या वापराला ५डब्ल्यू-३० आणि ट्रॅकला १५डब्ल्यू-५० अशी दोन ऑइलं लिहिलेली असत. २०१९च्या मॉडेल वर्षापासून दोन्हींना मिळून एकच ०डब्ल्यू-४० आलं.

२०२५च्या एप्रिलमध्ये २० ग्रेडचा विषय ट्रॅकच्या बाहेरही पोहोचला. एका अमेरिकी कंपनीनं ६.२ लीटर व्ही-८च्या २०२१ ते २०२४ मॉडेलच्या, एकट्या अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. दोष क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या निर्मितीत होता, ऑइलचा नव्हता. तपासणीत नापास झालेल्या इंजिनांची दुरुस्ती किंवा बदली. पास झालेल्या इंजिनांतलं ०डब्ल्यू-२० काढून त्या जागी ०डब्ल्यू-४० भरलं, फिल्टर बदलला, पुस्तिकेत जादा पान घातलं आणि ऑइलचं झाकणही नवं बसवलं.