भिंतीतला नट : पुण्याच्या प्रायोगिक अभिनयाची पार्श्वभूमी

दिवाणखान्यात, गच्चीवर किंवा मोजक्या खुर्च्यांच्या खोलीत नेपथ्याशिवाय उभ्या राहणाऱ्या पुण्यातील नटाच्या धाडसाविषयी आज बोलले जाते, तेव्हा १९७२च्या डिसेंबरपर्यंत मागे जावे लागते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेने शहराला तरबेज नट आणि तितकाच कठोर प्रेक्षक दिला होता, मात्र स्पर्धेत नटाची जोखीम लहान असते; फार तर करंडक हुकतो.

१६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. चर्चा नेहमी नाना फडणवीस आणि घाशीराम या पात्रांभोवती फिरते, पण अभिनयाच्या अंगाने मोठी जोखीम मानवी भिंतीतल्या नटांनी घेतली, असे माझे मत आहे. पाठमोरे झाले की पडदा आणि वळले की पुण्याचे ब्राह्मण, असे हे नट कीर्तन, लावणी, खेळे यांच्या ठेक्यावर गात, नाचत आणि आपला स्वतंत्र चेहरा समूहात विरघळू देत. संवादफेकीवर टाळी घेण्याची सवय असलेल्या शहरात हौशी नटाने असे निनावी उभे राहणे सोपे नव्हते.

एकोणीस प्रयोगांनंतर नाटक बंद झाले. नाना फडणवीसांच्या चित्रणामुळे इतिहासाचा विपर्यास आणि एका समाजाची बदनामी होते, हा आक्षेप नाटक करणाऱ्या संस्थेतल्या ज्येष्ठांनाही पटला. हे ऐतिहासिक नाटक नव्हेच, हा नाटककाराचा खुलासा पुरेसा ठरला नाही. आपल्या नावावर काय सादर व्हावे हे ठरवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला, तरी प्रत्येक प्रयोगात प्रेक्षकांच्या नजरेसमोर नट उभे होते आणि या वादाच्या कथनात त्यांचे म्हणणे क्वचितच नोंदले जाते. त्यांच्यापैकी अनेकांनी उत्तर कृतीने दिले. ज्या संस्थेत ते घडले तिच्यातून बाहेर पडून तरुण मंडळींनी १९७३ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. १९८०च्या युरोप दौऱ्याच्या वेळी जुना वाद न्यायालयापर्यंत गेला.

पुढे शनिवार पेठेतल्या छोट्या रंगमंचाने आणि अलीकडे बैठक हवी तशी मांडता येणाऱ्या जागांनी प्रेक्षक नटाच्या हाताच्या अंतरावर आणला. तिथे आवाज चढवून चूक झाकता येत नाही आणि समूहाच्या आडोशालाही जाता येत नाही. एक अडचण मात्र कायम आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी सादर करून सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जो नट समोरच्या प्रेक्षकांकडून शब्द घेऊन दर वेळी नवा प्रयोग रचतो, त्याची संहिता कोणती मानायची, हे त्या व्यवस्थेत बसत नाही.