चेटकीण शेजारीण होते त्याआधी

लहानशा गावात एक चेटकीण राहते. तिचे निम्मे मंत्र फसतात, शेजारणी तिच्याकडे खोकल्याचं औषध मागायला येतात आणि गोष्ट संपेपर्यंत कुणाचाही जीव जात नाही. अशा हलक्याफुलक्या कथा आता मराठी वाचकांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. कोकण किनाऱ्यावर मात्र त्या वाचताना मागे बराच इतिहास उभा असतो. इथे अजूनही देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो, आणि तिन्हीसांजेला कुठल्या पाणंदीने जाऊ नये हे पोरांनाही ठाऊक असतं.

भुताशी शेजारपण करणं कोकणाला नवं नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा मूळचा वेताळ. गावाने त्याला राखणदार केलं. तो रात्री गावभर फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवसाला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, केळ्यांचे घड देतात. देवचार म्हणजे गावाची राखण करणारं भूत, त्यालाही त्याचा मान मिळतो. पण जिच्यावर चेटकाचा आळ आला त्या जिवंत बाईला कुठल्या गावाने असं मानाचं स्थान दिल्याचं ऐकिवात नाही. तिच्या वाट्याला संशयच आला, आणि तोही बहुधा भाऊबंदकीतून किंवा दारातल्या गाईचं दूध आटलं म्हणून.

गोष्टीतली विनोदी चेटकीण बाहेरून आली, आणि तिथेही ती सहज हसरी झाली नाही. अमेरिकेतल्या सालेमला १६९२-९३ मध्ये चेटकाच्या खटल्यांत किमान वीस माणसांचा जीव गेला. ब्रिटनमध्ये १७३५ च्या कायद्याने चेटूक खरं मानणं सोडलं आणि त्याचा दावा करणाऱ्याला भोंदू ठरवलं. तो कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. समुद्रकाठच्या गावात सामान पोचवणारी तेरा वर्षांची जपानी चेटकीण १९८५ मध्ये मुलांच्या कादंबरीत अवतरली. कायद्याने आणि समाजाने चेटकिणीला भिणं सोडलं की मगच ती गोष्टीत शेजारीण होऊ शकते, असं मला वाटतं. महाराष्ट्रात ही पायरी फार उशिरा आली, आणि तिच्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे.

जादूटोण्याविरुद्ध कायदा हवा ही मागणी विधिमंडळात १९९५ पासून होती. मसुदे आले, बदलले, मागे पडले. २००५ मध्ये एक विधेयक विधानसभेपर्यंत पोचलं, पण त्याचा कायदा झाला नाही. वाद होता तो कायदा नेमका कशाला हात लावणार यावर. वारी, कीर्तन, नवस, अंगात येणं, सगळंच गुन्हा ठरेल अशी भीती पसरली. कोकणात तिला आणखी धार आली, कारण पालखी, जत्रा, कौल, गाऱ्हाणं हे इथल्या गावगाड्याचं कामकाजच आहे. अखेर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या मागणीसाठी झटणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्याची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अठरा वर्षं जे अडलं होतं ते एका खुनानंतर आठवड्याच्या आत हललं, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

कायद्याच्या नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द राहिला नाही. अनेकांना ती माघार वाटली. मला तसं वाटत नाही. नाव सोडून अनुसूची वाचली तर तिच्यात बारा कृत्यं दिसतात. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचं दूध आटवते असं जाहीर करणं, जारणमारण वा चेटकाच्या नावाखाली मारहाण करणं, धिंड काढणं ही त्यातलीच. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. चेटकीण ठरवली गेलेली बाई या कायद्यात बळी आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवणारा आरोपी. शेकडो वर्षांचं नातं इथे उलटलं. सातपुड्यात डाकीण ठरवून मारल्या गेलेल्या बायकांसाठी हे फार उशिरा झालं.

याच कायद्यात काय वगळलं तेही सांगायला हवं. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं यांना कायदा लागू नाही. तरी मुलांच्या कपाटात चेटकिणीची पुस्तकं कशाला, कायद्याने जादूटोण्याला बंदी आहे ना, असा आक्षेप अधूनमधून कानावर येतो. तो चुकीचा आहे. बंदी माणसाला छळणाऱ्या कृत्याला आहे, कल्पनेला नाही.

सावंतवाडीजवळच्या जुन्या घरात चित्रित झालेल्या मालिकेवरून २०१६ मध्ये सिंधुदुर्गात जो रोष उसळला, त्याची जात वेगळी होती. कोकण म्हणजे करणी आणि भुतं असं चित्र घरोघरी जातं, आमची बदनामी होते, असं लोकांचं म्हणणं होतं. त्या तक्रारीत तथ्य होतं, कारण भीती विकताना गाव कायम दोषी दिसतं. गावातल्या चेटकिणीची हसरी गोष्ट नेमकं हे करत नाही. तिच्यात शेजारीपाजारी औषध न्यायला येतात, उसनं साखर-तांदूळ मागतात, चुकलेल्या मंत्रावर तिची थट्टा करतात. मराठी बालरंगभूमीने हे काम आधीच केलं आहे. तिथली सर्वांत गाजलेली चेटकीण पुरुष नटांनी रंगवली, आणि मुलांनी तिला हसून दाद दिली. पुस्तकात मात्र अशी बाई अजून बहुतेक अनुवादातूनच भेटते. मालवणीत गजाली सांगणारी, वेतोबाच्या वाटेवर राहणारी चेटकीण कुणीतरी लिहायला हवी, आणि ती लिहिणाऱ्याला घाबरायचं आता काही कारण उरलेलं नाही.