डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट (‘द मपेट शो’मधील सादरीकरण)

‘डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट’ हे एल्टन जॉन आणि किकी डी यांनी गायलेले १९७६ चे इंग्रजी युगुलगीत. शब्द बर्नी टॉपिन यांचे, चाल जॉन यांची. तबकडीवर मात्र दोघांनी ॲन ऑर्सन व कार्ट ब्लांश ही टोपणनावे घातली. ब्रिटनमध्ये ते सहा, अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. मूळ ध्वनिमुद्रणात जॉन टोरांटोत गायले आणि डी लंडनमध्ये. ‘द मपेट शो’ (१९७६–८१) या इंग्लंडमधील एल्स्ट्री येथे चित्रित झालेल्या बाहुल्यांच्या कार्यक्रमात, दुसऱ्या हंगामात, जॉन पाहुणे आले तेव्हा डी यांची जागा मिस पिगी या डुकरिणीच्या रूपातल्या बाहुलीने घेतली आणि गाणे समोरासमोर झाले.

पिगी बॉनी एरिक्सन यांनी घडवली. या कार्यक्रमात तिला आवाज आणि हालचाल फ्रँक ऑझ यांची होती. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांना दोर वरून असतो, इथे सगळे खालून चालते. खेळवणारा उंच केलेल्या मंचाच्या आड राहून उजवा हात डोक्यावर धरतो. पंजा बाहुलीच्या तोंडात आणि डाव्या हातात तिच्या मनगटांना जोडलेल्या बारीक काड्या.

खरी कसोटी ओठांची. प्रत्येक अक्षराला तोंड उघडायचे असते आणि ते अंगठा खाली नेऊन; वरची चार बोटे जवळजवळ स्थिर. नवशिक्या वरची बोटे उचलतो. मग जबड्याऐवजी टाळू उघडतो, डोळे छताकडे जातात आणि बाहुली समोरच्याकडे बघतच नाही. प्रेमगीतात ही चूक लपत नाही. दुसरी चूक म्हणजे अक्षरावर तोंड मिटणे. मग ती शब्द गात नाही, चावते. लांब स्वरावर तोंड उघडे ठेवून सावकाश मिटावे लागते.

खेळवणाऱ्याला बाहुली दिसते ती मॉनिटरवर, आणि ते चित्र आरशासारखे उलटे नसते. हात उजवीकडे नेला की पडद्यावर बाहुली डावीकडे जाते. सराव नसेल तर जोडीदाराकडे वळायच्या क्षणी ती पाठ फिरवते. शिवाय हात भरून येतो आणि बाहुली नकळत चौकटीत खाली खचत जाते.

या गाण्याची बांधणी सवालजवाबाची: एक ओळ त्याची, लगेच तिचे उत्तर, मग दोघे मिळून. त्यामुळे बराच वेळ पिगीला नुसते ऐकायचे असते, आणि गाण्यापेक्षा तेच अवघड. पंजा अगदी थांबला तर हातात उरतो तो नुसता फोम आणि कापड. मनगट जरासे कलते ठेवायचे, त्याची ओळ संपत आली की डोके किंचित उचलायचे. मग आपली ओळ घेण्याआधी ती श्वास भरते आहे असेच पाहणाऱ्याला वाटते.